आघातानंतरची शाळा आणि स्वयंसेवक: प्रस्तावना

भूकंप, दरड, आग, सहलीच्या बसला झालेला अपघात किंवा वर्गातल्याच एखाद्या मुलाची आत्महत्या. अशा घटनेनंतर शाळा पुन्हा भरते तेव्हा पहिली अडचण हजेरी घेताना येते. जे मूल आता नाही त्याचे नाव वाचायचे की वगळायचे? वाचले तर वर्गाला रडू कोसळते. वगळले तर मुले एकमेकांकडे पाहतात आणि या विषयावर मोठ्यांशी बोलायचे नसते, असा अर्थ काढून गप्प होतात. त्याच्या बाकावर कोणी बसायचे, परिपाठात काय सांगायचे, दप्तर घरी कोणी पोहोचवायचे, याचे उत्तर डी.एड.च्या किंवा बी.एड.च्या पुस्तकात सापडत नाही. शिवाय शिक्षक स्वतःही हादरलेला असतो. अनेकदा त्याचेही घर त्याच गावात असते.

अशा वेळी शाळेला बाहेरून मिळणारी मदत म्हणजे शालेय मनोसामाजिक आधार. ‘मनोसामाजिक’ हा शब्द जड असला तरी नेमका आहे. मुलाचे मन आणि त्याच्या भोवतीची माणसे यांचा विचार एकत्र करायचा, एवढेच तो सांगतो. ही मदत घेऊन येणाऱ्यांत दोन प्रकारचे लोक असतात. मानसशास्त्रज्ञ, मनोविकारतज्ज्ञ व प्रशिक्षित समुपदेशक आपला व्यावसायिक वेळ मोबदल्याविना देतात. दुसऱ्या गटात निवृत्त शिक्षक, समाजकार्य महाविद्यालयांचे विद्यार्थी, राष्ट्रीय सेवा योजनेतील तरुण, हेल्पलाइनवर काम केलेल्या गृहिणी असतात. त्यांनी थोडे पण नेमके प्रशिक्षण घेतलेले असते. निदान आणि उपचार हे पहिल्यांचे काम आहे. दुसऱ्यांनी त्यात हात घालायचा नसतो. तरीही भार दुसऱ्यांवरच जास्त पडतो. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाच्या काळात देशात दर लाख लोकसंख्येमागे एक मनोविकारतज्ज्ञही भरत नव्हता, आणि मुलांचे मनोविकारतज्ज्ञ तर मोठ्या शहरांबाहेर विरळाच. डोंगरातल्या आश्रमशाळेपर्यंत जो पोहोचेल तो बहुधा स्वयंसेवकच असणार. म्हणूनच त्याने काय करावे आणि काय करू नये, हे नीट समजून घेणे महत्त्वाचे आहे.

हे काम शाळेतच का करायचे, यालाही कारण आहे. मानसोपचाराच्या दवाखान्यात मुलाला नेणे म्हणजे गावात चर्चेला तोंड फुटणे, अशी भीती पालकांना असते. शाळेत जाण्यासाठी कोणतेही कारण द्यावे लागत नाही. शिवाय आधीचे मूल आणि नंतरचे मूल यांतला फरक जाणणारी घराबाहेरची माणसे म्हणजे वर्गशिक्षक. लहान मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागते, आईचा पदर सोडत नाही, खेळात तीच इमारत पुन्हा पुन्हा पाडते. प्राथमिक वर्गातल्या मुलाचे पोट रोज प्रार्थनेच्या वेळेलाच दुखते. किशोरवयात हाच ताण चिडचिड, बेफिकीर धाडस किंवा ‘आपण वाचलो आणि तो गेला’ या अपराधी भावनेतून बाहेर पडतो. यातले बरेचसे काही आठवड्यांत आपोआप निवळते. जे निवळत नाही ते ओळखायचे, तर मुलाला रोज पाहणारे डोळे लागतात.

मोठ्यांना हे दिसायला बराच काळ लागला. मुले लवकर विसरतात, खेळायला लागली की बरी होतात, ही समजूत जगभर होती आणि आजही आहे. तिला पहिला ठोस धक्का दुसऱ्या महायुद्धात बसला. लंडनवर बॉम्ब पडत असताना ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम हॅम्पस्टेड येथे पाळणाघरे चालवत होत्या. १९४३ साली त्यांनी आपली निरीक्षणे मांडली. बॉम्बच्या आवाजापेक्षा आईपासून झालेली ताटातूट मुलांना जास्त मोडत होती. आई शांत असेल तर मूल हल्ल्यातही बऱ्यापैकी सावरत होते. पुढच्या ऐंशी वर्षांत साधने बदलली, शब्द बदलले, पण हे निरीक्षण टिकून राहिले. त्याच सुमारास, १९४२च्या बॉस्टनमधील कोकोनट ग्रोव्ह आगीनंतर, एरिक लिंडेमान यांनी शोकाकुल नातेवाइकांचा अभ्यास केला. त्यातून तातडीच्या मानसिक मदतीचे शास्त्र उभे राहू लागले. १९६०च्या दशकात जेराल्ड कॅप्लन यांनी त्याला घाट दिला.

शाळेचा प्रश्न स्वतंत्रपणे पुढे आला तो वेल्समधील ॲबरफॅन या खाणगावामुळे. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी कोळशाच्या कचऱ्याचा डोंगर घसरून पँटग्लास प्राथमिक शाळेवर आला. ११६ मुले आणि २८ प्रौढ दगावले. या शाळेतून वाचलेल्यांचा अभ्यास ३३ वर्षांनंतर झाला, तेव्हा तपासलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना आयुष्यात कधी ना कधी आघातोत्तर ताणविकार झाल्याचे आढळले. काहींना तो तेव्हाही होता. ‘मुले विसरतात’ या समजुतीला याहून स्पष्ट उत्तर देता येणार नाही.

१९७६ साली कॅलिफोर्नियातील चौचिला येथे शाळेची बस पळवून २६ मुलांना जमिनीखाली पुरलेल्या गाडीत डांबले गेले. सगळी मुले जिवंत सुटली आणि गावाने सुटकेचा निःश्वास टाकला. मनोविकारतज्ज्ञ लेनोर टेर यांनी त्यांचा काही वर्षे पाठपुरावा केला. शरीराला फारशी इजा न झालेल्या मुलांवरही घटनेची खूण राहिली होती. कोणी तोच खेळ यंत्रासारखा खेळत होते, तर कोणाला आपण मोठे होऊच असे वाटत नव्हते. १९८० साली अमेरिकन मानसोपचार संघटनेने आघातोत्तर ताणविकाराला अधिकृत निदान म्हणून मान्यता दिली. १९८४ साली लॉस एंजेलिसमधील एका प्राथमिक शाळेच्या मैदानावर गोळीबार झाला, आणि त्यानंतर रॉबर्ट पायनूस व सहकाऱ्यांनी दीडशेहून अधिक मुले तपासली. गोळीबाराच्या जितके जवळ, तितका त्रास जास्त, हे त्यांनी दाखवले. त्यांच्या पुढच्या अभ्यासात एक हळवी गोष्टही निघाली: त्या दिवशी शाळेतच नसलेली काही मुले आठवणीत स्वतःला घटनेच्या जवळ आणत होती. गैरहजर मुलांनाही मदतीच्या यादीत धरले पाहिजे, ही शिकवण स्वयंसेवक सहज विसरतात.

ब्रिटनमध्ये हे काम रुजले ते आणखी एका २१ ऑक्टोबरमुळे. १९८८ साली त्या दिवशी सुमारे चारशे ब्रिटिश शाळकरी मुलांना घेऊन ग्रीसमधील पिरियसहून निघालेले ‘ज्युपिटर’ जहाज बुडाले. जवळपास सगळी मुले वाचली, तरी मानसशास्त्रज्ञ विल्यम यूल यांना पुढे त्यांच्यातल्या सुमारे निम्म्यांत आघातोत्तर ताणविकार आढळला. बाहेरची मदत स्वीकारलेल्या एका शाळेतल्या मुली ती नाकारलेल्या शाळेतल्या मुलींपेक्षा कमी भयग्रस्त होत्या, हेही त्यांना दिसले. ही तुलना छोटी होती, तिच्यावर फार मोठा मनोरा रचता येत नाही. पण मुख्याध्यापकाने दार उघडणे किंवा बंद ठेवणे ही किती मोठी गोष्ट आहे, ते तिने दाखवले. १९९३ साली यूल यांनी सहलेखिकेसोबत शाळांसाठी एक पुस्तिका काढली. संकट येण्याआधीच शाळेने आपली तयारी लिहून ठेवावी, हा तिचा गाभा. प्रस्तुत पुस्तकावर तिचे ऋण आहे.

याच काळात या क्षेत्राची एक मोठी चूकही झाली, आणि ती सविस्तर सांगायला हवी, कारण आपल्याकडच्या अनेक प्रशिक्षणवर्गांत ती अजून शिकवली जाते. १९८३ साली जेफ्री मिचेल यांनी अग्निशमन व रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांच्या गटांसाठी एक पद्धत मांडली होती. घटनेनंतर लगेच सर्वांना एकत्र बसवायचे आणि काय पाहिले, काय वाटले ते क्रमाने बोलायला लावायचे. मन मोकळे केले की ओझे उतरते, हा साधा आणि पटणारा विचार. पद्धत पाहता पाहता पसरली. अपघातग्रस्त, शोकाकुल नातेवाईक आणि शाळकरी मुले, सर्वांवर ती वापरली जाऊ लागली. मग चाचण्या झाल्या. भाजलेल्या रुग्णांवरील १९९७च्या एका ब्रिटिश चाचणीत असे सत्र दिलेल्यांची स्थिती १३ महिन्यांनी सत्र न दिलेल्यांपेक्षा वाईट होती. सर्व चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन समीक्षेने एकाच बैठकीत घटना उकरून काढण्याने ताणविकार टळत नाही, उलट इजा होऊ शकते, असा निष्कर्ष काढला. मनाचीही जखम बांधण्याची एक गती असते. तिच्याआधी जखम उघडली, आणि तीही चाळीस मुलांसमोर, तर ज्याने कमी पाहिले आहे त्याच्या डोक्यात इतरांनी पाहिलेलेही भरते. ‘काय झाले त्याचे चित्र काढा’ ही शाळेत येणाऱ्या पाहुण्यांची आवडती सूचना याच चुकीची धाकटी बहीण आहे. मुलाने आपणहून चित्र काढले तर ते जपून पाहावे. हुकमावरून काढून घेऊ नये.

या चुकीतून सावरताना जो प्रवाह पुढे आला तो मानसिक प्रथमोपचाराचा. जागतिक आरोग्य संघटनेने दोन संस्थांसह २०११ साली काढलेल्या मार्गदर्शिकेत त्याचे सूत्र तीन क्रियापदांत मांडले आहे: पाहा, ऐका, जोडून द्या. कोणाला मदत हवी ते पाहायचे, जो बोलू इच्छितो त्याचे ऐकायचे, आणि त्याला त्याच्या माणसांशी व सेवांशी जोडून द्यायचे. खोदून विचारायचे नाही. २००७ साली स्टीव्हन हॉबफॉल आणि जगभरच्या सहकाऱ्यांनी उपलब्ध पुराव्यातून पाच आधारतत्त्वे निवडली: सुरक्षितता, शांतपणा, आपण काही करू शकतो हा विश्वास, नाती आणि आशा. शाळेच्या भाषेत त्यांचा अर्थ अगदी घरगुती होतो. सुरक्षितता म्हणजे नव्या इमारतीचे दरवाजे कुठे उघडतात ते मुलांना चालवून दाखवणे. शांतपणा म्हणजे ठरलेल्या वेळी घंटा, प्रार्थना, पोषण आहाराची खिचडी. विश्वास म्हणजे मुलांच्या हाती झाडे लावण्यासारखे खरे काम देणे. आशा म्हणजे पुढच्या महिन्यातल्या स्पर्धांची यादी फलकावर लागणे. संयुक्त राष्ट्रांशी संलग्न आंतरसंस्था समितीने २००७च्याच मार्गदर्शक तत्त्वांत मदतीचा चार थरांचा पिरॅमिड मांडला. तळाशी अन्न, निवारा, सुरक्षा. त्यावर कुटुंब व समाजाचा आधार. त्यावर प्रशिक्षित पण अतज्ज्ञ व्यक्तींची नेमकी मदत. आणि टोकाला तज्ज्ञांचे उपचार. स्वयंसेवकाची जागा मधल्या दोन थरांत आहे.

प्रथमोपचाराशिवाय आणखी दोन वाटा ठळक आहेत. एक उपचारकेंद्री. ज्या मुलांची लक्षणे टिकून राहतात त्यांच्यासाठी शाळेतच छोट्या गटात, ठरावीक सत्रांत, भीती हाताळण्याची कौशल्ये शिकवली जातात. लॉस एंजेलिसच्या शाळांत तयार झालेल्या अशा कार्यक्रमाची चाचणी २००३ साली प्रसिद्ध झाली. बोस्नियातील युद्धाच्या अनुभवानंतर यूल, ॲटले डिरेग्रॉव्ह आदींनी बनवलेला कार्यक्रम अनेक देशांत वापरला गेला. दुसरी वाट सामर्थ्यकेंद्री. उत्तर इस्रायलमधल्या किर्यात श्मोना या रॉकेटच्या माऱ्यात राहणाऱ्या गावात मूली लहाद यांनी मुले संकटाला कशी तोंड देतात हे पाहिले आणि सहा मार्ग नोंदले: श्रद्धा, भावना, माणसांचा सहवास, कल्पना, विचार आणि शरीर. कोणी देवाला हात जोडून सावरतो, कोणी गोष्ट रचून, कोणी धावून. मूल ज्या दाराने बाहेर येत असेल तेच दार उघडे ठेवायचे, हा या विचाराचा व्यवहार. कीर्तन, लेझीम, भुलाबाई, कबड्डी यांत वाढलेल्या मुलांसाठी ही वाट विशेष जवळची वाटते.

भारतातली सुरुवात बंगळुरूची. ७ फेब्रुवारी १९८१ रोजी व्हीनस सर्कसच्या तंबूला आग लागून ९२ जण दगावले, त्यांत बहुतेक मुले होती. तिथल्या निम्हान्स संस्थेच्या तज्ज्ञांनी शोकाकुल कुटुंबांचा अभ्यास केला. १९८४च्या भोपाळ वायुदुर्घटनेनंतर सामान्य डॉक्टरांना मानसिक मदतीचे प्रशिक्षण देण्याचा प्रयत्न झाला. २६ जानेवारी २००१ला कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा अंजारमध्ये प्रजासत्ताक दिनाच्या फेरीत चालणारी १८५ मुले आणि २० शिक्षक गाडले गेले. १६ जुलै २००४ रोजी कुंभकोणमच्या शाळेतील आगीत ९४ मुले गेली, आणि त्याच वर्षाच्या शेवटी त्सुनामी आली. त्सुनामीनंतर चेन्नईत लक्ष्मी विजयकुमार आणि सहकाऱ्यांनी प्रशिक्षित स्वयंसेवकांनी दिलेल्या आधाराचे मूल्यमापन केले. आप्त गमावलेल्या ज्या वस्तीत स्वयंसेवक जात राहिले, तिथल्या लोकांची मानसिक स्थिती तुलनेच्या वस्तीपेक्षा चांगली आढळली. स्वयंसेवकाचे ऐकणे हे केवळ समाधान नसते, याचा भारतीय भूमीवरचा हा पुरावा. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची या विषयावरची मार्गदर्शक तत्त्वे २००९ साली आली.

महाराष्ट्राची आठवण किल्लारीपाशी थांबते. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणेश विसर्जनाची रात्र सरत असताना, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावे भूकंपाने भुईसपाट झाली. सुमारे दहा हजार माणसे गेली. त्यानंतरच्या मदतीत मुलांपुरत्या दोन वेगळ्या वाटा दिसतात. शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुलांना पुण्याला आणून त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. राष्ट्र सेवा दलाच्या परंपरेतील पन्नालाल सुराणा यांनी नळदुर्गला, भूकंपाच्या मुलखातच, ‘आपलं घर’ उभारले. दोन्हींमागे सारखीच कळकळ होती, आणि दोन्हींनी मुलांना छप्पर व शाळा दिली. मूल संकटातून दूर न्यावे की त्याच्या मातीजवळ सावरावे, हा ॲना फ्रॉइडच्या काळचा प्रश्न मराठवाड्याने प्रत्यक्ष जगून पाहिला. त्या मुलांपैकी अनेक जण आज पालक आहेत. त्यांचे अनुभव पद्धतशीर नोंदवले जाणे हे मराठीतले राहून गेलेले काम आहे.

गोव्यातील ‘संगाथ’ संस्थेच्या कामाचा उल्लेख इथे आवश्यक ठरतो, जरी तो थेट आपत्तीचा नाही. अतज्ज्ञ व्यक्तींना शिकवून मानसिक आरोग्याची कामे त्यांच्याकडे सोपवणे, ही दिशा या संस्थेने भारतात ठळक केली. बिहारमधील ७४ सरकारी माध्यमिक शाळांत तिने घेतलेली चाचणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. तोच कार्यक्रम काही शाळांत बाहेरून नेमलेल्या प्रशिक्षित अतज्ज्ञ समुपदेशकांनी आणि काही शाळांत शिक्षकांनी राबवला. समुपदेशकांच्या शाळांत वातावरण सुधारले, दादागिरी आणि नैराश्याची लक्षणे घटली. शिक्षकांच्या शाळांत फरक पडला नाही. यावरून शिक्षकाला दोष देणे अन्यायाचे होईल. जनगणनेपासून निवडणुकीपर्यंत सगळी कामे ज्याच्या गळ्यात पडतात, त्याच्याकडे आणखी एक काम देऊन ते तडीस जाईल ही अपेक्षाच चुकीची. शिक्षकाला मोकळे करणारा, त्याच्या शेजारी बसणारा माणूस लागतो, हा यातला धडा आहे.

तरीही स्वयंसेवकाच्या हातून अपाय होतो, आणि तो बहुधा चांगुलपणातूनच होतो. २०१२ साली अमेरिकेतील न्यूटाउनच्या शाळेत गोळीबारात २० मुले गेल्यावर त्या छोट्या गावात जगभरातून हजारो टेडी बेअर आले. ते ठेवायला गोदामे लागली. आपल्याकडे त्या जागी वह्यांचे गठ्ठे, बिस्किटांचे खोके आणि मोबाइलचे कॅमेरे येतात. एकाच शाळेत आठवड्यात पाच गट येतात आणि त्याच मुलीला पाचदा तेच विचारतात. दोन महिन्यांनी कोणीच येत नाही. ज्याचे वडील नुकतेच गेले आहेत, त्याला पुन्हा एक ‘दादा’ न सांगता निघून गेल्याचा अनुभव येतो. म्हणून या पुस्तकाची भूमिका ठाम आहे: बोलावल्याशिवाय जाऊ नये, जितके दिवस देता येतील तितकेच कबूल करावेत, आणि जाण्याचा दिवस मुलांना आधी सांगावा. किती काळ टिकून राहता येईल यावरच या मदतीची किंमत ठरते.

गोपनीयतेचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. मुलाने विश्वासाने सांगितलेले स्टाफरूममध्ये चघळले जाऊ नये. पण लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि जिवाला धोका असेल तर गुप्ततेचे वचन पाळता येत नाही. ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन स्वयंसेवकाने कधीच देऊ नये. विद्यार्थ्याच्या आत्महत्येनंतर तर प्रत्येक शब्द तोलावा लागतो. पद्धतीचे वर्णन, कारणांची चर्चा, गौरवाची भाषा यांतून त्याच वाटेवर असलेल्या दुसऱ्या मुलाला ढकलले जाण्याचा धोका असतो. मौनही बरे नव्हे. साधे, खरे, थोडके बोलावे आणि जवळच्या मित्रांवर स्वतंत्र लक्ष ठेवावे.

आजच हे पुस्तक का, याचे उत्तर गेल्या काही पावसाळ्यांत आहे. २०१४ साली माळीण, २०२१ साली तळीये, २०२३ साली इर्शाळवाडी. सह्याद्रीच्या कुशीतल्या वस्त्या एकामागून एक दरडीखाली गेल्या, आणि प्रत्येक वस्तीतली मुले कुठल्या ना कुठल्या पटावर होती. ३० जुलै २०२४ला वायनाडमध्ये दरडी कोसळल्यावर तिथल्या आपद्ग्रस्त शाळा सुमारे महिनाभराने मेप्पाडीत पुन्हा भरल्या. मुलांचे स्वागत समारंभाने झाले; शाळा सुरू करणे हाच उपचाराचा भाग मानला गेला. दूरध्वनीवर मोफत मानसिक आधार देणारी ‘टेलि मानस’ सेवा ऑक्टोबर २०२२पासून १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. साधने अगदीच नाहीत असे नाही. ती आणि शाळेचा वर्ग यांना जोडणारी माणसे कमी आहेत.

प्रस्तुत पुस्तक त्या माणसांसाठी आहे. तज्ज्ञ घडवण्याचा त्याचा दावा नाही. उपचारपद्धती त्यात मुद्दाम दिलेल्या नाहीत. घटनेचा पहिला दिवस, पहिला आठवडा, दहावा-तेरावा, पहिली परीक्षा, पहिला सण आणि वर्षश्राद्ध, या मुलांच्या आयुष्यातल्या खऱ्या टप्प्यांनुसार त्याची मांडणी केली आहे. परदेशी प्रश्नावल्या जशाच्या तशा उतरवण्याऐवजी ‘जीव घाबरा होतो’, ‘छातीत धडधडतं’, ‘कशात मन लागत नाही’ या मुलांच्या व पालकांच्या बोलीतून लक्षणे समजावली आहेत. शिक्षकांचा आणि खुद्द स्वयंसेवकांचा थकवा हा विषय परिशिष्टात न ढकलता मधोमध घेतला आहे. दिव्यांग मुले आणि स्थलांतरित ऊसतोड कामगारांची मुले यांच्याविषयी जितके हवे तितके लिहिता आलेले नाही. त्यांच्यासाठी स्वतंत्र पुस्तकाचीच गरज आहे.

शेवटची चार पाने कोरी ठेवली आहेत. जवळच्या ग्रामीण रुग्णालयाचा क्रमांक, गैरहजर मुलांच्या घरी कोण जाईल, पालकांशी कोण बोलेल, पत्रकारांना फाटकावर कोण थांबवेल, मुख्याध्यापक नसतील तेव्हा निर्णय कोणाचा, या मुद्द्यांपुढे जागा मोकळी आहे. ती शाळेने भरायची आहे, आणि पावसाळ्याआधी भरायची आहे.